गोटिंगेनचा विद्यार्थी आणि एचटी-२

विमान म्हटले की आपल्याला आधी वैमानिक आठवतो. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचे नाव आपल्यापैकी कुणालाही मध्यरात्री उठवून विचारले तरी सांगता येईल, आणि तसे ते यायलाच हवे. पण सूर्यकिरण पथकाने ज्यावर कसरती केल्या ते ‘किरण’ विमान कुणी आखले, असे आमच्या डॉर्मिटरीत विचारले तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एकाने ‘एचएएल’ असे उत्तर दिले. ते बरोबर आहे, पण कारखाना विमान आखत नाही, माणसे आखतात. ज्या तुकडीने ते आखले तिचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. गाव हसूरचंपू, गडहिंग्लजजवळ, जिल्हा कोल्हापूर. आपल्या मराठी पानावर त्यांच्याविषयी लिहावे आणि त्यानिमित्ताने हवेचे शास्त्रही थोडे समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे. म्हणजे विमान त्यांच्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. भारतातले शिक्षण संपवून ते जर्मनीत गोटिंगेन विद्यापीठात गेले आणि १९३६ मध्ये लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रांट्ल कोण, हे समजल्याशिवाय या वाक्याचे वजन कळत नाही. मुंबईच्या मुलाला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे शिकायला मिळाले म्हणजे काय, हे आपल्याला कळते. हवेच्या शास्त्रात प्रांट्ल यांच्याकडे शिकणे तसे होते. थिओडोर फॉन कार्मान त्यांचेच विद्यार्थी. त्या काळचे गोटिंगेन मात्र सुखाचे राहिले नव्हते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि मॅक्स बोर्न, एमी नोदर यांच्यासारख्या प्राध्यापकांना ज्यू म्हणून तिथून दूर करण्यात आले. जगातले उत्तम गणित जिथे होते, त्या गावाची अशी अवस्था झालेली असताना घाटगे तिथून पदवी घेऊन परतले.

आता प्रांट्ल यांचा शोध. दालँबेर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात एक विचित्र गोष्ट गणिताने दाखवली होती. द्रवात चिकटपणा अजिबात नाही असे धरले, तर त्यातून सरळ एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला विरोधच होत नाही, असे उत्तर येते. सायकल चालवणाऱ्या कुणालाही हे खोटे आहे हे कळते. पण हवा इतकी पातळ की तिचा चिकटपणा हिशोबात धरावा असे वाटत नाही. मग चूक कुठे? दीडशे वर्षे हा प्रश्न तसाच होता. १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत प्रांट्ल यांनी दहा मिनिटांचे भाषण केले. छापल्यावर ते आठ पाने झाले. त्यांचे म्हणणे असे : हवेचा चिकटपणा सगळीकडे महत्त्वाचा नाही, पण वस्तूला लागून असलेल्या अगदी पातळ थरात तो महत्त्वाचा आहे. पृष्ठभागाला टेकलेली हवा पृष्ठभागाबरोबरच राहते, आणि तिथून थोडे वर जाईपर्यंत तिचा वेग बाहेरच्या हवेइतका होतो. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात.

याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर फिरतो आहे. दिवाळीच्या साफसफाईत छताचा पंखा पुसायचे काम माझ्याकडे असते. वर्षभर मिनिटाला तीनशे फेरे घेणाऱ्या पात्यावर बोटभर धूळ कशी राहते? एवढ्या वाऱ्याने ती उडून जायला हवी. ती जात नाही, कारण पात्याला टेकलेल्या हवेला पात्याच्या तुलनेत वेगच नसतो. धूळ सीमास्तराच्या तळाशी निवांत बसलेली असते.

हा थर वस्तूच्या पाठीमागे शेवटपर्यंत चिकटून राहिला तर विरोध कमी. तो मध्येच सुटला तर मागे भोवरे तयार होतात आणि वस्तूला मागे खेचतात. विमानाचा पंख असो, रेसिंग कार असो की क्रिकेटचा चेंडू, सगळा प्रश्न एवढाच : थर कुठे सुटतो?

यावरून एक गंमतशीर वाद झाला होता, तो मला या सगळ्या वाचनात सर्वात आवडला. गुस्ताव आयफेल म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याचे आयफेल. मनोरा १८८९ चा. त्यानंतर म्हातारपणी त्यांनी हवेचा अभ्यास हाती घेतला. आधी मनोऱ्यावरूनच वस्तू खाली सोडून विरोध मोजला, मग १९०९ मध्ये विंड टनेल बांधले आणि १९१२ मध्ये ते ओतॉय या भागात हलवून मोठे केले. विंड टनेल म्हणजे वाऱ्याचा बोगदा. विमान वाऱ्यातून नेण्याऐवजी विमानाचा नमुना जागेवर ठेवायचा आणि वारा त्याच्यावर सोडायचा. आयफेल यांनी गोळ्याचा विरोध मोजला, तो गोटिंगेनमध्ये मोजलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. गोटिंगेनच्या एका संशोधकाने जाहीर लिहिले की आयफेल यांच्या हिशोबात बहुधा २ चा गुणक राहून गेला असावा. आपल्या वहीवर लाल शाईने असा शेरा आला असता तर आपण मान खाली घातली असती. ऐंशीच्या घरातल्या आयफेल यांनी तसे केले नाही. त्यांनी वेगवेगळ्या वेगांना गोळे पुन्हा मोजले आणि दाखवले की दोन्ही आकडे खरे आहेत! वेग कमी असताना विरोधाचा गुणांक मोठा असतो, आणि एका ठराविक वेगापुढे तो एकदम खाली येतो.

असे का व्हावे, याचे उत्तर १९१४ मध्ये प्रांट्ल यांनी दिले. वेग वाढला की सीमास्तर शांत राहत नाही, खळबळतो. खळबळलेल्या थरात बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, त्यामुळे त्याच्यात दम येतो, तो गोळ्याला जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो आणि मागचे भोवरे लहान होतात. हे सिद्ध करायला त्यांनी गोळ्याच्या पुढच्या भागावर एक बारीक तार गोल बसवली. तारेने थर मुद्दाम खळबळवला आणि विरोध कमी झाला. गुळगुळीत गोळ्यापेक्षा तार लावलेल्या गोळ्याला विरोध कमी, हे पहिल्यांदा वाचल्यावर मी पान उलटून पुन्हा वाचले.

ही तार म्हणजेच क्रिकेटच्या चेंडूची शिवण. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा नवा चेंडू स्विंग व्हायचा तेव्हा हेच घडत होते. शिवण तिरकी धरली की तिच्या बाजूचा थर खळबळतो आणि उशिरा सुटतो, चकचकीत बाजूचा थर शांत राहतो आणि लवकर सुटतो. दोन बाजूंची हवा असमान वळते आणि चेंडू शिवणीच्या दिशेला जातो. मैदानावर पँटीला चेंडू घासणारा प्रत्येक गोलंदाज नकळत प्रांट्ल यांचा प्रयोग करत असतो.

एक प्रयोग तुम्हीही करा. मी तो मे महिन्यात मयूर विहारच्या आमच्या घरी केला. एक मेणबत्ती पेटवा, तिच्यापुढे पाण्याची गोल बाटली ठेवा आणि बाटलीच्या अलीकडून, मेणबत्ती दिसत नसताना, जोरात फुंकर मारा. मेणबत्ती विझते. आता बाटलीऐवजी तेवढ्याच रुंदीचा पुठ्ठा उभा धरा आणि तशीच फुंकर मारा. विझत नाही, उलट ज्योत कधीकधी पुठ्ठ्याकडे झुकते. बाटलीच्या गोल अंगाला हवा चिकटून मागे जाते, पुठ्ठ्याच्या कडेवर ती सुटते आणि मागे भोवरे राहतात. दिल्लीच्या मेमध्ये पंखे बंद करून हा प्रयोग करायला घरच्यांची परवानगी मिळवणे हा त्यातला अवघड भाग. माझी धाकटी बहीण ‘दादा, आता बस’ म्हणेपर्यंत आम्ही अकरा वेळा केला. (प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावा, पडद्यांपासून दूर.)

पुढचा प्रयोग थोडा मोठा. टेबलफॅनचा वारा गिरक्या घेत येतो, म्हणून त्याच्यापुढे पुठ्ठ्याचे खोके ठेवून त्यात सरबताच्या नळ्या खच्चून भरल्या. त्यातून येणारा वारा बराच सरळ येतो. खऱ्या विंड टनेलमध्येही अशीच मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. पलीकडे उदबत्ती लावली आणि धुराच्या रेघेत आधी काडेपेटी, मग पावडरचा गोल डबा, मग थर्मोकोल घासून केलेला थेंबाचा आकार ठेवला. काडेपेटीच्या मागे धुराचा गोंधळ. डब्याच्या मागे त्याहून कमी. थेंबाचा जाड भाग वाऱ्याकडे आणि निमुळते शेपूट मागे ठेवले तर धुराची रेघ दोन्ही बाजूंनी त्याला लपेटून मागे पुन्हा जवळपास एक झाली. आपल्याला वाटते टोकदार बाजू पुढे हवी, कारण बाण तसा असतो. हवेला मात्र पुढच्या टोकाचे फारसे अप्रूप नाही, तिला शेपटीची काळजी आहे.

शेपटीवर ज्याने सारे आयुष्य लावले असा एक फ्रेंच अभियंता होता, शार्ल दॉच. जन्म १९११, म्हणजे घाटगे यांच्याच पिढीतला. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या फ्रेंच सरकारी अभियंत्यांच्या प्रसिद्ध शाखेतला हा माणूस, पण नाद रेसिंग कारचा. रने बोने या जोडीदाराबरोबर त्याने ‘डीबी’ नावाच्या गाड्या काढल्या. मोठ्या इंजिनासाठी पैसा नव्हता, म्हणून पानार कंपनीची लहान इंजिने आणि वर हवेला न दुखवणारे शरीर. १९६२ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या ‘सीडी’ गाडीने सुमारे ७०० सीसीच्या इंजिनावर, इंजिनाच्या मानाने सर्वोत्तम कामगिरीचा मान मिळवला. ७०० सीसी म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही लहान. नंतरच्या गाड्यांत त्याने गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचाही विचार केला. आमच्या घरापासून नोएडामार्गे गेले की ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट लागते. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली, तेव्हा मी फार लहान होतो. त्या गाड्यांना पुढे-मागे असतात ते विमानाचेच पंख, फक्त उलटे बसवलेले. विमानाला उचल हवी, गाडीला रस्त्यावर दाब.

दॉचकडे इंजिन लहान होते. आपल्याकडे १९४० मध्ये विमानाचा कारखानाच नव्हता.

तो काढला वालचंद हिराचंद यांनी. ते मूळ सोलापूरचे. १९३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमानधंद्यातल्या अमेरिकनाशी गाठ पडली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजच्या एचएएलचे हे मूळ. महायुद्ध चालू होते, १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या हातात घेतला आणि तिथे मुख्यतः दुरुस्तीची कामे होऊ लागली. घाटगे यांनी याच काळात तिथे दहा जणांना नेणाऱ्या ग्लायडरचे डिझाइन केले. १९४२ मध्येच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची सुरुवातीची जबाबदारी घाटगे यांच्याकडे आली. गोटिंगेनमध्ये शिकलेले आता ते इथल्या मुलांना शिकवू लागले.

इथे कुणी वाचक विचारेल की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत चौपाटीवर विमान उडवले होते ना? ही कथा आपल्या घराघरात सांगितली जाते, मीही आजोबांकडून ऐकली आहे. पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही. आणि ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ज्या ग्रंथाचा आधार अशा कथांना दिला जातो, त्याचा अभ्यास भारतीय विज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी १९७४ मध्ये केला. त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला स्वतःला वाटते, अभिमान बाळगायचा तर ज्याचे नट-बोल्ट मोजता येतात त्याचा बाळगावा. आजोबा या मताशी पूर्ण सहमत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलात आणि फ्लाइंग क्लबात मुलांना शिकवायला ब्रिटिशांचे टायगर मॉथ हे विमान होते. लाकूड आणि कापड, उघडे कॉकपिट, वर-खाली दोन पंख आणि ते पंख एकमेकांना बांधणाऱ्या तारा. त्याच्या जागी आपले विमान करायचे ठरले. डिझाइनचे काम घाटगे यांच्या तुकडीकडे आले. हिंदुस्तान ट्रेनर-२, थोडक्यात एचटी-२. पूर्ण धातूचे, खालच्या बाजूला एकच पंख, बंद कॉकपिट, पुढे-मागे दोन आसने. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडाले. कॉकपिटमध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी होते.

या दोन विमानांचे आकडे शेजारी ठेवून मी एक हिशोब केला, तो इथे देतो. टायगर मॉथचे इंजिन १३० अश्वशक्तीचे आणि कमाल वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर. एचटी-२ चे इंजिन १५५ अश्वशक्तीचे, कमाल वेग सुमारे २१०. कुणी म्हणेल, इंजिन मोठे म्हणून वेग जास्त, त्यात काय. पण पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. टायगर मॉथचाच आकार ठेवून त्यात १५५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले असते, तर शक्ती १.१९ पट झाली असती. १.१९ चे घनमूळ १.०६. वेग १७५ वरून फक्त १८६ च्या आसपास गेला असता. उलट २१० गाठायचे तर वेग १.२ पट, त्याचा घन १.७३, म्हणजे त्याच आकाराला सुमारे २२५ अश्वशक्ती लागली असती. ती १५५ मध्ये भागली. याचा अर्थ एचटी-२ चा हवेला होणारा अडथळा टायगर मॉथच्या सुमारे सत्तर टक्केच होता, आणि तेही विमान दीडशे किलोहून जास्त जड असताना. प्रोपेलरची कार्यक्षमता दोन्हीकडे सारखी धरली आहे. आमच्या फिजिक्सच्या सरांनी हिशोब तपासला आणि एवढी सूट चालेल म्हणाले.

तीस टक्के कुठे वाचले? बराचसा वाटा त्या तारांचा असणार. गोल तार दिसायला बारीक, पण तिच्यामागे थर लगेच सुटतो. तारेच्या जवळपास दहापट जाडीचा, पण थेंबासारखा निमुळता पंख घेतला तर त्याला साधारण तेवढाच विरोध होतो. तारांच्या जागी आतून भक्कम असलेला एकच पंख आला आणि वैमानिकाचे डोके वाऱ्यातून काचेखाली आले. चाके मात्र पोटात घेतली नाहीत, बाहेरच ठेवली. त्याने वेग कमी होतो, हे गोटिंगेनच्या विद्यार्थ्याला कुणी सांगायला नको. पण शिकाऊ विमानात जितके भाग कमी हलतील तितके बरे, आणि शिकणारा चाके बाहेर काढायला विसरण्याचा प्रश्नच राहत नाही.

शिकाऊ विमान आखणे सोपे असते असा एक समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. पंखाचे नाक जसजसे वर कराल तशी उचल वाढते, पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास सीमास्तर वरच्या बाजूने सुटतो आणि उचल ढासळते. हा स्टॉल. एक पंख आधी स्टॉल झाला तर विमान गिरक्या घेत खाली येते, तो स्पिन. प्रवासी विमान स्पिनमध्ये जाऊ नये एवढेच पाहिले तरी पुरते. शिकाऊ विमानाने मात्र सांगितल्यावर स्पिनमध्ये गेले पाहिजे, नाहीतर कॅडेट त्यातून बाहेर पडायला शिकणार कसा? आणि विरुद्ध रडर देऊन काठी पुढे ढकलली की त्यातून बाहेरही आले पाहिजे, दर वेळी. त्यासाठी शेपटीची मांडणी अशी हवी की खाली पडताना आडव्या शेपटीच्या भोवऱ्यांत रडर झाकला जाणार नाही, नाहीतर पाय कितीही दाबला तरी रडरला हवाच लागणार नाही. चूक करणाराच ज्यात बसणार आहे, असे विमान आखायचे म्हणजे त्याच्या चुका आधी स्वतः कागदावर करून पाहाव्या लागतात.

आमच्या गच्चीवरून स्टॉल रोज दिसतो. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर शेकडो घारी घिरट्या घालतात, त्यांतल्या काही आमच्या पाण्याच्या टाकीवर उतरतात. दुर्बिणीतून पाहा. टेकायच्या आधी घार पंख इतका उभा करते की तो स्टॉल व्हायलाच हवा. तेवढ्यात पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्याजवळची दोनचार पिसे वर उभी राहतात. त्या फटीतून येणारी हवा वरच्या थराला दम देते आणि तो थोडा वेळ आणखी चिकटून राहतो. विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेला फट ठेवतात तीही याचसाठी.

आमच्या सोसायटीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक अंकल आहेत. त्यांनी सत्तरच्या दशकात पहिले धडे एचटी-२ वर घेतले. मी युनिफॉर्मवर नसतानाही ‘जय हिंद, सर’ म्हणतो, हे त्यांना आवडते. विमान कसे होते विचारल्यावर ते म्हणाले, ‘बेटा, उतरने के बाद भी उड़ान ख़त्म नहीं होती थी.’ कारण तिसरे चाक शेपटीखाली. अशा विमानाचा जडपणा मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे धावपट्टीवर ते जरा वळले की आणखी वळू पाहते, आणि थांबेपर्यंत पाय रडरवर जागे ठेवावे लागतात. ते सांगताना अंकलचे पाय बाकाखाली आपोआप हलत होते.

आता हे सगळे मी का वाचत बसलो ते सांगतो. नववीत मला चष्मा लागला. आपल्या शाळेत चष्मा लागलेल्या मुलाला ‘मग फ्लाइंग गेले’ हे वाक्य किती वेळा ऐकावे लागते, ते चष्मेवाल्यांनाच माहीत. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. बाबांनीही फोनवर ‘मग आता?’ एवढेच विचारले आणि बराच वेळ दोघेही गप्प होतो. सहावीत इथे आलो तेव्हापासून माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला लढाऊ विमानांची चित्रे आहेत. ती काढावीत का, असे काही दिवस वाटत होते. काढली नाहीत. फक्त आता त्यांच्याकडे पाहताना पंख कुठे जोडला आहे आणि हवा आत कुठून जाते ते पाहतो. १९५१ च्या त्या दिवशी कॅप्टन मुन्शी विमान घेऊन वर गेले, तेव्हा त्यांचा जीव खाली उभ्या असलेल्या काही माणसांच्या आकडेमोडीवर टांगलेला होता. ते खालचे काम मला हवे आहे. पालकांपैकी कुणाच्या मुलाला नवा चष्मा लागला असेल तर त्यांनी हा परिच्छेद त्याला दाखवायला हरकत नाही.

एचटी-२ दीडशेहून जास्त बांधली गेली. हवाई दल, नौदल आणि फ्लाइंग क्लब सगळ्यांनी वापरली, घानाच्या नव्या हवाई दलालाही दिली गेली. घाटगे यांच्या तुकडीने त्यानंतर १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’ आणि पुढच्याच वर्षी सैन्याच्या टेहळणीसाठी ‘कृषक’ उडवले. त्याच सुमारास बंगळूरला जर्मन डिझायनर कुर्ट टँक ‘मरुत’ या जेट लढाऊ विमानावर काम करत होते. मरुत १९६१ मध्ये उडाले. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ते उभे आहे, सुट्टीत जरूर पाहा. जवळच फ्रेंचांची तूफानी आणि मिस्टेअर आहेत, त्यांच्या नाकांची तुलना करा. मरुतचे नाव मोठे झाले, पण माझ्या मते घाटगे यांचे खरे मोठे काम दुसरेच. जेट विमान चालवायला शिकायचे तर शिकाऊ जेटही हवे. त्याचे काम १९५९ च्या अखेरीस त्यांच्याकडे आले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ उडाले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एचटी-२ मध्ये शिकवणारा आणि शिकणारा पुढे-मागे बसत. किरणमध्ये दोघे शेजारी बसतात. शेजारी बसवले की विमानाचे अंग रुंद होते आणि हवेचा विरोध वाढतो. पण इन्स्ट्रक्टरला कॅडेटचे हात दिसतात, चेहरा दिसतो, तो घाबरला आहे की नुसताच गोंधळला आहे हे कळते. घाटगे यांचे निधन १९९१ मध्ये झाले. १९९६ मध्ये सूर्यकिरण पथक तयार झाले आणि २०११ पर्यंत त्याने आकाशात एकमेकांच्या अगदी जवळून ज्या कसरती केल्या, त्या याच विमानावर, जे मुळात पहिल्यांदा जेटमध्ये बसणाऱ्या एका मुलासाठी आखलेले होते.